दोन ते तीन

सुमन,

तू गेलीस त्याला आज पंधरा दिवस झाले. या पंधरा दिवसांत मी रडले, तुझ्या घरी पिठलं-भात पोचवला, फोटोला हार घातला, सगळं रीतसर केलं. पण खरं सांगू? मला अजून तुझा हेवा वाटतोय. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी तुझ्यासोबत पाच वर्षं पोळ्या लाटलेल्या नाहीत.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सेक्रेटरींनी सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'तळमजल्यावरच्या पोळी-भाजी केंद्राच्या सुमनताई यांना चिरविश्रांती लाभली.' मी हातात दुधाची पिशवी घेऊन फळ्यासमोर उभी राहिले आणि मनात पहिलं काय आलं असेल? घ्या, इथेही हिनेच आराम पटकावला. माझ्या मनाची मलाच लाज वाटली. मग हळूहळू सेक्रेटरींचाच राग यायला लागला, कारण त्यांना तुझ्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं. एवढी मोठी विश्रांती तुला कधी नकोच होती. तुला एक तास पुरायचा. दुपारी दोन ते तीन. नंतर उठून चहा लागायचा.

त्या एका तासावरून आपण पाच वर्षं भांडलो. भांडण तुटलं नाही, मिटलंही नाही, नुसतं मुरत राहिलं. आता माझ्या वाटचं मला एकटीलाच बोलायचं आहे, तर बोलून घेते.

तू पहिल्यांदा आमच्या दारात आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. गिरणीचा संप लांबत लांबत गेला होता आणि तुझा नवरा, दत्तारामभाऊ, घरी बसले होते. मी तेव्हा मुलुंडच्या या तळमजल्यावरच्या घरात ऑफिसात जाणाऱ्या चार-पाच बायकांना पोळ्या करून देत होते. चाराच्या चौदा झाल्या आणि माझे दोन हात पुरेनात. कोणीतरी म्हणालं, स्टेशनकडच्या चाळीत एक मालवणकडची बाई आहे, हात चांगला आहे. मी निरोप धाडला. तू आलीस, चप्पल काढलीस, ओट्यावरून नजर फिरवलीस, मागची जाळीची गॅलरी बघून आलीस. आता काय मिळणार, किती वाजता यायचं, असं काहीतरी विचारशील म्हणून मी तयारीत होते. तू म्हणालीस,

"दुपारी दोन ते तीन मी आडवी होणार. दार लावून. चालत असेल तर बोल."

मी म्हटलं, "आणि गिऱ्हाईक आलं तर?"

"तीन वाजता येईल परत. पोळीच न्यायचीय ना त्याला, बाळंतीण नाही न्यायची."

मला हसू आलं म्हणून मी हो म्हटलं. हसू आलं की माझं चुकतंच.

मला वाटलं होतं, आठवडाभर पडशील आणि मग कामाचा रेटा बघून आपोआप सोडशील. कुठलं काय. सकाळच्या डब्यांच्या पोळ्या झाल्या, आपण जेवलो, भांडी निथळत ठेवली की तू संध्याकाळची कणीक मळून ओला फडका घालून ठेवायचीस. मग दाराला ती पुठ्ठ्याची पाटी, 'तीन वाजता या'. गॅलरीत चटई. डाव्या कुशीवर, हात उशाला. पाच मिनिटांत तुझा श्वास संथ व्हायचा. बाहेर भंगारवाला ओरडो, वरच्या मजल्यावर मसाला कुटला जावो, तुला काही नाही. आणि मी? मी लसूण सोलायचे, डबे पुसायचे, स्टोव्हला पंप मारून भाजी फोडणीला टाकायचे. काहीच नसलं तर पुसलेले डबे परत पुसायचे. त्यात थोडी भांडी जरा जास्तच जोरात ठेवायचे, तेही आज कबूल करते.

माझ्या आईनं मला कधी दुपारी आडवं झालेलं पाहिलं नाही आणि मी तिला. आमच्याकडे दुपारी पडणारी बाई म्हणजे एक तर आजारी नाहीतर आळशी. आजारी तर तू नव्हतीस. पण आळशीही नव्हतीस, हीच तर पंचाईत होती. तीन ते साडेसात तू अशी काही उभी राहायचीस की माझे पाय दुखायला लागले तरी तुझं लाटणं फिरतंच. सहा वाजता ऑफिसातून सुटलेल्या बायकांची दाराशी गर्दी व्हायची. तेव्हा मी सगळ्यांवर खेकसत असायचे आणि तू प्रत्येकीला, "काय गं, मुलाचा ताप उतरला का?" असं विचारत पोळ्या मोजून द्यायचीस.

आणि त्या बायका. त्यांनी मला कमी छळलं नाही. दोन चळती शेजारी शेजारी असायच्या, एक माझी, एक तुझी. दोन्हींचं पीठ एकाच चक्कीचं, तेल एकाच डब्यातलं. तरी बोट तुझ्या चळतीकडे जायचं. "त्या द्या ना, त्या मऊ असतात." भात खाणाऱ्या घरातली बाई तू, लग्नानंतर पोळी शिकलीस, आणि मी देशावरची. घडीच्या पोळीचे पदर कसे सोडवायचे ते मला सातव्या वर्षी येत होतं. एकदा न राहवून मी तुला विचारलं, "तू घालतेस तरी काय गं कणकेत?"

तू म्हणालीस, "काही नाही. तिला पडू देते."

"म्हणजे?"

"अगं, मी तासभर झाकून ठेवते. तू मळलीस की लगेच लाटायला घेतेस. कणकेला जरा दम खाऊ देत नाहीस, मग ती तव्यावर तुझ्यावर डूख धरते. संध्याकाळपर्यंत वातड."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोणत्या बाईला माहीत नसतं? पण कणीक झाकून ठेवायची म्हणजे तेवढा वेळ आपणही थांबायचं, आणि थांबणं मला जमायचं नाही. तू ते कणकेवर बोललीस, पण मला ते माझ्यावरच वाटलं. मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. तुझ्या ते लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल आणि तू ते दाखवलं नाहीस. तुझ्याबाबतीत आता मी कशाचीच खात्री देत नाही.

मग जुहू. बुधवारी सुट्टी घ्यायची हे खूळही तुझंच. एका बुधवारी तू मला ओढून जुहूला नेलंस. दोन बस बदलून आपण पोचलो, तू वाळूत पाय पसरून बसलीस, भेळ घेतलीस आणि नुसती समोर बघत राहिलीस. मी पिशवीतून लसणाची पुडी काढली. पाव किलो होता, दुसऱ्या दिवशीच्या चटणीचा. म्हटलं, बसल्या बसल्या सोलून होईल. वाऱ्यानं सालं उडून शेजारच्या जोडप्याच्या अंगावर जायला लागली. तू तोंडातली भेळ संपवलीस आणि म्हणालीस,

"समुद्राक लसूण सोलून दाखवतलंस काय गो?"

चिडलीस किंवा फार मजेत असलीस की तुझी मालवणी बाहेर यायची. त्या दिवशी यातलं कोणतं होतं ते कळलं नाही. मी लसूण ठेवून दिला आणि तुझ्यासारखं समोर बघायचा प्रयत्न केला. पाच मिनिटं झाली असतील. मी म्हटलं, "आता?" तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला. हसले मीही, पण आतून जळत होते. कारण तुला त्या पाण्यात काहीतरी दिसत होतं आणि मला फक्त पाणी दिसत होतं.

येताना बसमध्ये आपलं ते नेहमीचं झालं. मी म्हटलं, "काम संपलं की मीही करीन आराम. आधी काम संपू तर दे."

"काम कधी संपत नाही विमल. माणूस संपतं."

"मग तू काय अमरपट्टा घेऊन आलीयेस?"

बघ. वाक्य तुझं होतं आणि संपलीसही तूच. मी इथे बसलेय, डब्यांना डबे लावत. एवढं झोपून तू एक्केचाळिसाव्या वर्षी गेलीस आणि पाच वर्षांत एक दुपार न झोपलेली मी धडधाकट. या वादात मी जिंकले, सुमन. कोणाला सांगू?

एक दुपार न झोपलेली म्हणाले, पण ते खोटं आहे. एकदा झोपले होते. मला ताप होता, उभं राहवत नव्हतं, तरी मी लाटणं सोडत नव्हते. तू माझ्या हातातून ते काढून घेतलंस, मला तुझ्या चटईवर ढकललंस, दारावरच्या बेलच्या वायरचं टोक काढून ठेवलंस आणि स्टोव्ह बंद करून सगळं गॅसवर घेतलंस, आवाज नको म्हणून. मी अडीच तास झोपले. जागी झाले तेव्हा खिडकीतून तिरकं ऊन आत आलं होतं, तुझं काम आटोपत आलं होतं, दोन्ही चळती रचलेल्या होत्या. अंग हलकं झालं होतं, कित्येक वर्षांत झालं नव्हतं इतकं. कोणालाही बरं वाटलं असतं. मला राग आला. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. तू विचारलंस, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "कोथिंबीर जाड चिरलीस."

तुझ्या जागी मी असते तर लाटणं फेकून मारलं असतं. तू कोथिंबीर पुन्हा बारीक केलीस.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. यासाठीच हे सगळं लिहायला बसले, बाकी नुसता फेरफटका झाला.

दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या सबनीसबाई पोळ्या न्यायला आल्या. माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुमनताई कशा टवटवीत दिसतात नाही? तुम्ही थोरल्या का हो?" मी तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. तू हसून म्हणालीस, "नाही हो, मीच म्हातारी." बाईंना वाटलं तू माझी बाजू सांभाळून घेतेयस, आणि त्या आणखीच कौतुकाने तुझ्याकडे बघायला लागल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, तू झोपल्यावर, मी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पंधरा मिनिटं पुढे केला.

घड्याळात तीन वाजले तशी तुला हलवलं. "उठ गं, तीन वाजले." खरे पावणेतीन झाले होते. तू डोळे उघडलेस, घड्याळाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "वाजले का? झकास." आणि उठलीस.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्याकडचं काहीतरी माझ्या हाती लागलं होतं. मग मी ते रोजच करायला लागले. अडीचला स्टूल, काटा पुढे, आणि मग त्याच स्टूलावर बसून वाट बघायची. रोज. दोन वर्षं. पहिला महिनाभर मी काटा रात्री, तू गेल्यावर, मागे घ्यायचे आणि माझ्या लक्षातच आलं नाही की तू संध्याकाळी साडेसातला त्याच घड्याळाकडे बघून घरी जातेस, म्हणजे दुपारी मी चोरलेली पंधरा मिनिटं संध्याकाळी तू पदरात बांधून नेतेस. एवढी मी हुशार. मग पाच वाजता तू भाजी आणायला गेलीस की मी काटा मागे घ्यायला लागले.

आणि त्या पंधरा मिनिटांचं तू करायचीस काय, तर काही नाही. तोंड धुवायचीस, चहा करायचीस, एक कप माझ्या हातात द्यायचीस आणि स्वतःचा घेऊन गॅलरीत उभी राहायचीस. घोट घोट. जाळीतून समोरच्या शेवग्याकडे बघत. मी आत पोळपाट मांडून धुसफुसायचे, मी हिला लवकर उठवलं आणि ही चहात वेळ घालवतेय. मग अचानक कप विसळून तू कामाला लागायचीस, जशी कोणी हाक मारावी तशी. ती हाक कसली, ते मला परवापर्यंत कळलं नव्हतं.

शेवटचा दिवसही असाच. मी नेहमीप्रमाणे काटा पुढे केला, नेहमीप्रमाणे तुला हलवलं. तू डोळे न उघडताच म्हणालीस, "विमल, डोकं ठणकतंय गं. अजून जरा पडू?"

आणि मी म्हणाले, "तीन वाजून गेले सुमन. सबनीसबाईंच्या पन्नास पोळ्या आहेत."

तीन वाजले नव्हते. तू माझ्याकडे पंधरा मिनिटं मागितलीस, जी मुळात तुझीच होती, आणि मी ती दिली नाहीत. तू उठलीस. चहा केलास. माझा कप मला दिलास. पन्नास पोळ्या लाटल्यास, मऊ झाल्या होत्या, आणि साडेचारला "आज जाते गं जरा लवकर" म्हणून गेलीस. भाजी आणायला त्या दिवशी मीच बाहेर पडले आणि घड्याळ तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नळावर कोसळलीस. तिसऱ्या दिवशी गेलीस.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतली शीर फुटली, जन्मापासून कच्ची असेल, ही वेळ कधीही आली असती. सगळे बाहेर गेल्यावर मी मागे राहिले आणि विचारलं, "आदल्या दिवशी पंधरा मिनिटं जास्त झोपली असती तर?" डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "त्याचा काही संबंध नाही बाई. तुम्ही घरी जाऊन जरा झोपा." मला त्यांचं पटलं. आणि पटूनही काही उपयोग झाला नाही.

परवा, तेराव्यानंतर, दत्तारामभाऊ आले. तुझी चटई, तुझा डबा, खुंटीवरचं तुझं जुनं पातळ न्यायला. मी डबा दिला, पातळ दिलं. चटई गुंडाळली आणि हातातून सुटेना. मग मी तिथेच ओट्याला टेकून त्यांना सगळं सांगून टाकलं. घड्याळाचं, दोन वर्षांचं, शेवटच्या दिवसाचं. म्हटलं आता हा माणूस बोलेल ते ऐकून घ्यायचं. शिव्या दिल्या तरी घ्यायच्या.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, तिका म्हायत होता."

मी म्हटलं, "काय?"

"पयल्या दिसापासून. घराक येवन माका हसान सांगी. तुम्ही स्टूल ओढलात की ती जागी होय. डोळे मिटून पडून ऱ्हवायची."

रेल्वेपलीकडच्या कारखान्याचा भोंगा, सुमन. तीनला पाळी सुटते तेव्हा वाजतो. सबंध मुलुंड ऐकतं. मीही ऐकला असणार, पण माझ्या कानाशी स्टोव्ह भर्र करत असायचा आणि हातात डब्यांचा खणखणाट. तू गॅलरीत कप घेऊन भोंग्याची वाट बघत उभी असायचीस. तो वाजला की तुझे तीन वाजायचे. मी कितीही काटे फिरवले तरी तू तुझा तास पुरा करूनच कामाला हात लावायचीस, पाऊण तास पडून आणि पाव तास उभ्यानं.

मी दत्तारामभाऊंना विचारलं, मग ती बोलली का नाही मला कधी? ते म्हणाले, "मी पण तिका इचारलंय. तर म्हणाली, बोलू नको. काटो फिरवल्यावर विमल तीन वाजेपर्यंत स्टूलावर बसान ऱ्हवता. हातात काय नसता तिच्या. सबंध दिवसात तितकीच बसता ती. बसू दे."

मी खाली बसले. ते घाबरून पाणी आणायला गेले.

बसू दे. म्हणजे एवढे दिवस मी तुझी झोप चोरतेय असं समजत होते आणि तू तुझी झोप मोडून मला बसवत होतीस. मला कोणी सांगितलं असतं, विमल, पंधरा मिनिटं नुसती बस, तर मी त्याला लाटणं दाखवलं असतं. तुला ते ठाऊक होतं. तू मला चोरी करू दिलीस, कारण दुसऱ्या कुठल्या वाटेने मी बसले नसते. खरंच की गं, त्या पंधरा मिनिटांत मी काय करायचे? तुझ्या पाठीकडे बघायचे. गॅलरीत येणाऱ्या उन्हाकडे बघायचे. शेवग्यावर एक भारद्वाज यायचा, तो बघायचे. लसूण नाही, फडका नाही. दोन वर्षं मी रोज दुपारी विश्रांती घेत होते आणि मला वाटत होतं मी तुझं वाईट करतेय.

यावरही मला तुझा हेवाच वाटला, विश्वास ठेव. चांगुलपणातही माझ्यावर कडी केलीस. मला माफी मागायची संधी दिली नाहीस, भांडायची दिली नाहीस, आणि आता आभार मानायचे तर तू जागेवर नाहीस. हे शोभतं का तुला?

आणि एक विचारायचंच आहे. शेवटच्या दिवशी मी "तीन वाजून गेले" म्हणाले तेव्हा भोंगा झालेला नव्हता. तुला माहीत होतं. डोकं ठणकत होतं, तरी तू म्हणाली नाहीस, "गप गं विमल, अजून अवकाश आहे." एकदा म्हणाली असतीस. मी पकडले गेले असते, लाजले असते, चिडले असते, चार दिवस बोलले नसते. चाललं असतं. दत्तारामभाऊंना याचं उत्तर माहीत नाही. मी ते तुझ्याकडेच ठेवते.

चटई मी ठेवून घेतली.

घड्याळ अजून पंधरा मिनिटं पुढेच आहे. आमचे हे म्हणतात, "अगं, घड्याळ पुढे आहे, मी रोज ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचतोय." मी म्हणते, पोचा. काट्याला हात लावायचा म्हणजे स्टूलावर चढायला हवं, ते मला होत नाही.

केंद्र सोमवारपासून उघडलं. बायका येतात, एकाच चळतीकडे बघतात, पोळ्या घेऊन जातात. मी कणीक झाकून ठेवते आता, पुरा तासभर. तरी तुझ्यासारखी होत नाही, पण वातड होत नाही. सबनीसबाई काल म्हणाल्या, "आज मऊ झाल्यात हो." मी म्हटलं, "तिच्याच आहेत." त्यांना काय कळलं देव जाणे, डोळे पुसत गेल्या.

आज दुपारी मात्र मी दाराला पुठ्ठ्याची पाटी लावली, स्टोव्ह विझवला, बेलच्या वायरचं टोक काढलं आणि तुझ्या चटईवर आडवी झाले. डाव्या कुशीवर, हात उशाला. झोप काही आली नाही. डोळे घट्ट मिटून घेतले आणि कान देऊन पडून राहिले, आत स्टूल ओढल्याचा आवाज येतो का ते ऐकत. किती वेळ गेला कोण जाणे. मग भोंगा झाला. अगदी स्पष्ट ऐकू आला, सुमन, इतका मोठा आहे तो. मी उठले नाही. वाट बघत राहिले, कोणीतरी हलवेल, म्हणेल, उठ गं, तीन वाजले.

अजूनही तुझा हेवा वाटतो. तुला उठवायला मी तरी होते.